पित्त आहे, दुसरं काय!

आधी एक कबुली. माझ्या पर्समध्ये कंगवा सापडेलच याची गॅरंटी नाही, पण अँटासिडच्या चघळायच्या गोळ्यांची पट्टी हमखास सापडते. मिंट फ्लेवर. आणि ही काही मी एकटी नाही. तुमच्या ऑफिसात जरा चौकशी करून बघा. शेजारच्या मुलाच्या ड्रॉवरमध्ये, एचआरवालीच्या टेबलावर, टीम लीडच्या गाडीच्या डॅशबोर्डवर, कुठे ना कुठे ती पट्टी असणारच. विचारलं तर उत्तरही ठरलेलं. ‘काही नाही रे, ॲसिडिटी.’ सर्दीपेक्षाही साधं दुखणं. यासाठी कुणी सिक लीव्ह मागत नाही आणि कुणी नारळपाणी घेऊन भेटायलाही येत नाही.

आमच्या परभणीत याला ॲसिडिटी म्हणत नाहीत, पित्त म्हणतात. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं छाती फुगवून सांगणारे आम्ही लोक. त्या फुगवलेल्या छातीत रात्री जळजळतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

मागच्या दिवाळीला घरी गेले, तिथून ही गोष्ट सुरू होते. पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स, मध्यरात्री ढाब्यावर शेवभाजी, मग स्लीपरमध्ये आडवं होऊन पहाटेपर्यंत घशाशी आंबट. म्हणजे नेहमीचंच. सकाळी घरी पोचले, दुपारी जेवायला बसलो. ताटात ज्वारीची भाकरी, तीही आमच्या कृषी विद्यापीठानं काढलेल्या ‘परभणी मोती’ वाणाची. मोत्यासारखा टपोरा दाणा, पांढरीशुभ्र भाकरी. सोबत ठेचा आणि त्यावर करडईचं कच्चं तेल. यापुढे पुण्यातल्या कुठल्याही रूफटॉप रेस्टॉरंटचा मेन्यू पाणी भरतो, हे माझं मत आहे आणि त्यावर चर्चा होणार नाही.

पण पप्पा भाकरी मोडत नव्हते. कुस्करत होते. भाकरी दुधात कुस्करून त्याचा पार लगदा केला, मग एक घास, त्यावर दोन घोट पाणी. पुन्हा घास, पुन्हा पाणी. ठेच्याला हात नाही. हेच पप्पा, जे उभ्या-उभ्या तीन भाकरी आणि मुठीनं फोडलेला कांदा संपवून शाळेत जायचे!

‘पप्पा, काला कामून करताय?’ मी विचारलं. (घरी गेले की माझी प्रमाणभाषा आपोआप सुटीवर जाते.)

‘काही नाही ग. पित्त आहे, दुसरं काय!’

आई म्हणाली, ‘चार महिने झाले, असंच जेवायलेत. दाताचं काहीतरी असंल. पण पित्त मात्र बरंच कमी झालं बघ. आधी रात्री उठून सोडा घ्यायचे, आता शांत झोपतात.’

ती हे आनंदानं सांगत होती. माझ्या मात्र पोटात गोळा आला. त्याचं कारण सांगायचं तर आधी माझी स्वतःची स्टोरी सांगावी लागेल.

त्याच्या दोनच महिने आधी मी पुण्यात एका पोटविकारतज्ज्ञाकडे गेले होते. फ्रीलान्सिंगचा फंडा असा की सकाळी नऊला कार्ड पंच करावं लागत नाही, पण रात्री अकराला जेवण, साडेअकराला लॅपटॉप पोटावर ठेवून आडवं होणं, दीडला कॉफी आणि तीनला कॉपी मेल करणं, हे सगळं फुकट मिळतं. सकाळी तोंडात आंबट पाणी, आवाज बसलेला, रात्री कोरडा खोकला. मी आधी छातीच्या डॉक्टरकडे गेले होते, त्यांनी पोटाच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. गिळताना घास अडकतो का? प्रयत्न न करता वजन उतरलंय का? उलटीत रक्त किंवा शौचाला डांबरासारखं काळं होतं का? मी तिन्हींना नाही म्हटलं. ते म्हणाले, ‘मग तुम्हाला आत्ता दुर्बीण नको. आधी वेळेवर जेवा.’

पप्पांच्या ताटाकडे बघताना मला त्यातला पहिला प्रश्न आठवला. मग नजर त्यांच्या पट्ट्याकडे गेली. पट्ट्याला एक नवीन भोक पाडलेलं होतं, घरीच, खिळ्यानं. म्हणजे दुसरा प्रश्नही आलाच.

आता थोडं तांत्रिक. बोअर होणार नाही, प्रॉमिस.

घशापासून जठरापर्यंत जाणारी अन्ननलिका साधारण 25 सेंटीमीटर लांब असते. तिच्या खालच्या टोकाला स्नायूंचं एक कडं असतं. घास आला की ते उघडतं, घास गेला की मिटतं. खाली जठरात हायड्रोक्लोरिक ॲसिड. हो, तेच, कॉलेजच्या लॅबमधलं. जठराला त्याचा त्रास होत नाही, कारण त्याला आतून चिकट म्यूकसचं जाड अस्तर असतं. अन्ननलिकेला असं चिलखत नाही. त्यामुळे ते कडं नको तेव्हा सैल पडलं की ॲसिड वर येतं आणि नळीला आतून भाजतं. थोडंफार असं सगळ्यांचंच होतं, जेवणानंतर एखादा आंबट ढेकर म्हणजे आजार नव्हे. पण हे वारंवार व्हायला लागलं, त्रास व्हायला लागला किंवा नळीला इजा झाली, की डॉक्टर त्याला जीईआरडी म्हणतात. गॅस्ट्रो-इसोफेजियल रिफ्लक्स डिसीज. उच्चारताना ‘गर्ड’. भारतात झालेल्या बहुतेक पाहण्यांमध्ये हे प्रमाण 10 टक्क्यांच्या आत निघालं, काही ठिकाणी त्याहून बरंच जास्त.

कडं सैल का पडतं? पोटाचा घेर वाढला की आतला दाब वाढतो आणि माल वर ढकलला जातो. काहींच्या बाबतीत जठराचा वरचा भाग पडद्याच्या भोकातून छातीत सरकलेला असतो, त्याला हायेटस हर्निया म्हणतात. गरोदरपणात तर हा त्रास अगदी कॉमन. सिगरेट, तंबाखू, दारू हे नेहमीचे आरोपी आहेतच. तेलकट, तुपकट जेवण जठरात जास्त वेळ रेंगाळतं. आणि पुदिना! पुदिन्यानं ते कडं आणखी ढिलं पडू शकतं. म्हणजे जळजळ झाली म्हणून मी इतकी वर्षं जे मिंटचे च्युइंगगम चघळत होते, ते... जाऊ द्या.

रात्रीचा खेळ तर वेगळाच. दिवसा आपण सतत लाळ गिळत असतो आणि लाळेत ॲसिड मारणारा बायकार्बोनेट असतो. झोपेत लाळ सुटणं आणि गिळणं, दोन्ही जवळजवळ बंद. शिवाय आडवं झाल्यावर गुरुत्वाकर्षणही आपल्या बाजूनं राहत नाही. वर आलेलं ॲसिड मग निवांत मुक्काम ठोकतं.

शब्दाची एक गंमतही सांगते. डॉक्टरी भाषेत पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा, कडू रस. जळजळ करतं ते मुख्यतः ॲसिड. म्हणजे आपण सगळे भलत्याच्याच नावानं बोटं मोडतोय. पण आयुर्वेदाला यातला फरक ठाऊक नव्हता असं म्हणायची सोय नाही. ‘माधवनिदान’ या जुन्या ग्रंथात ‘अम्लपित्त’ असं स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात आंबट-कडू ढेकर, छातीत आणि घशात आग, अन्नावरची वासना जाणं, ही लक्षणं नोंदवली आहेत. माझी केस हिस्टरी म्हणून चालेल.

अजून एक, आणि हे मी गंभीरपणे लिहितेय. छातीत जळजळतंय असं वाटणारं प्रत्येक दुखणं पोटाचं नसतं. दाब आल्यासारखं वाटतंय, घाम फुटलाय, दुखणं हाताकडे, जबड्याकडे सरकतंय, चालल्यावर वाढतंय, तर आधी ईसीजी. ‘गॅस धरलाय’ म्हणून ओवा खात घरी बसलेली माणसं गावोगाव असतात आणि त्यातली सगळी परत उठत नाहीत. हार्टचं नाही हे कळलं की मग पोटावर खुशाल संशय घ्या.

तर, पप्पा. डॉक्टरचं नाव काढताच त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. ‘मला काय झालंय? रोज सकाळी चार किलोमीटर फिरायलोय. वीस वर्षांचं पित्त आहे ते, घरचंच माणूस झालंय.’

वीस वर्षं! मी हिशेब मांडला. वीस वर्षांत पप्पांनी काय काय केलं होतं? आधी थंड दूध. ते पिताना बरं वाटतं, पण थोड्या वेळानं त्यातल्या प्रोटीन आणि कॅल्शियममुळे ॲसिड पुन्हा सुटतं. मग आमसुलाचं पाणी, मग खायचा सोडा, मग फ्रूट सॉल्टच्या पुड्या. सोडा ॲसिडला मारतो हे खरंच, पण त्यात भरपूर सोडियम, आणि पप्पांना ब्लडप्रेशर. मग गावातल्या एका मेडिकलवाल्यानं ‘सर, ही घ्या, भारी आहे’ म्हणत पॅन्टोप्राझोल दिली. चिठ्ठी कुणीच मागितली नाही. पप्पा ती त्रास झाला की घ्यायचे, रात्री जेवणानंतर, पाच-सहा दिवस, मग बंद.

इथे आपल्यापैकी नव्वद टक्के लोक चुकतात (आकडा माझा, ठोकून दिलेला). जठराच्या भिंतीत ॲसिड तयार करणारे सूक्ष्म पंप असतात. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल ही मंडळी ते पंप बंद पाडतात, पण चालू असलेलेच पंप त्यांच्या तावडीत सापडतात. पंप चालू होतात जेवणाच्या वेळी. म्हणून गोळी नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, रिकाम्या पोटी घ्यायची. पूर्ण असर यायला काही दिवस लागतात आणि अन्ननलिकेची जखम भरायला सहसा आठ आठवड्यांपर्यंतचा कोर्स असतो. जेवणानंतर घेतलेली गोळी म्हणजे मॅच संपल्यावर पॅड बांधून मैदानात येणं.

या औषधांना नावं ठेवायची मला हौस नाही. ओमेप्राझोल 1988 साली बाजारात आलं आणि खेळच बदलला. योगायोग असा की त्याच वर्षी सर जेम्स ब्लॅक यांना नोबेल मिळालं. त्यांनी शोधलेल्या औषधांत ॲसिड कमी करणारं सिमेटिडिनही होतं. रॅनिटिडिन त्याच घराण्यातलं. आपल्या आई-वडिलांच्या पिढीनं ते चण्या-फुटाण्यासारखं खाल्लं. पुढे त्यात एनडीएमए ही कॅन्सरशी संबंध जोडली गेलेली अशुद्धी सापडली. अमेरिकेनं 2020 मध्ये ते बाजारातून काढायला लावलं आणि भारतानं 2022 मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळलं. घरच्या औषधांच्या डब्यात जुनी पट्टी पडली असेल तर डॉक्टरांना दाखवा. प्राझोल मंडळीही वर्षानुवर्षं आपल्या मनानं चघळायची नाहीत. दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये बी-12 आणि मॅग्नेशियम कमी झालेलं आढळतं, आणि गोळी एकदम बंद केली की काही दिवस ॲसिड उसळी मारून येतं. मग माणूस घाबरून पुन्हा गोळी सुरू करतो. ज्यांना गरज आहे त्यांनी मात्र व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड वाचून ती बंद करू नये.

पप्पांना तीन दिवस मनवलं. शेवटी आईनं ब्रह्मास्त्र काढलं. ‘पोरीला दिवाळीत रडवायलात’ म्हणाली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही स्टेशन रोडच्या एका डॉक्टरांसमोर बसलो होतो. त्यांनी पट्ट्याचं भोक पाहिलं आणि म्हणाले, ‘सर, उद्या उपाशीपोटी या.’ आईनं हळूच सांगितलं की आता पित्ताचा त्रास होत नाही. तेव्हा ते जे म्हणाले, ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. नळी वर्षानुवर्षं भाजत राहिली की जखमेचा वण धरतो, वण आकसतो आणि नळी अरुंद होते. मग खालचं ॲसिडही वर यायला अडतं. जळजळ कमी होते. पेशंटला वाटतं, बरा झालो.

एंडोस्कोपीबद्दल भीती फार आहे, म्हणून सांगते. घशात बधिर करणारा स्प्रे मारतात, डाव्या कुशीवर झोपवतात, दातांमध्ये प्लॅस्टिकची कडी ठेवतात. मग करंगळीइतक्या जाडीची नळी आत जाते. मळमळतं, डोळ्यांतून पाणी येतं, पण सगळा प्रकार दहा-पंधरा मिनिटांत संपतो. हवं असेल तर झोपेचं इंजेक्शनही देतात. पप्पा बाहेर येऊन म्हणाले, ‘यापेक्षा शाळा तपासणी अवघड होती.’

अन्ननलिकेच्या तळाशी लालभडक चट्टे आणि एका जागी नळी आवळलेली. डॉक्टरांनी तिथले चार-पाच बारीक तुकडे काढून बायोप्सीला पाठवले. रिपोर्टला आठ दिवस.

त्या आठ दिवसांबद्दल फार लिहिता येणार नाही. आमच्या घरात तो एक शब्द कुणीच उच्चारला नाही. पप्पांनी बँकेची पासबुकं एका पिशवीत घातली आणि ती पिशवी कपाटात कुठे ठेवलीय ते मला सहज सांगितल्यासारखं सांगितलं. आई एरवी कधी एवढं बोलत नाही, ती शेजारणींशी तासन्‌तास भाज्यांच्या भावावर बोलत बसायची. मी रात्री मोबाइलवर वाचायचे. ॲसिडच्या माऱ्यानं नळीचं अस्तरच बदलतं, त्याला बॅरेट्स म्हणतात, त्यातल्या थोड्या लोकांना पुढे कॅन्सर होतो. वाचायचे, मोबाइल उशीखाली ठेवायचे, पुन्हा काढायचे. आणि त्या आठ दिवसांत एकदाही माझ्या छातीत जळजळलं नाही, कारण आई साडेसातला जेवायला वाढत होती. मला ते कळलंही नव्हतं, नंतर लक्षात आलं.

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही, बॅरेट्स नाही. सूज आणि जुना वण. आई देवघरात गेली, मी बाथरूममध्ये गेले. पप्पा डॉक्टरांना म्हणाले, ‘म्हणजे पित्तच की!’

पुढचं नांदेडला झालं. आधी सहा आठवडे गोळी दोन वेळा, सकाळी आणि संध्याकाळी जेवणाआधी. मग दुर्बिणीतून आवळलेल्या जागी फुगा नेऊन तो हळूहळू फुगवला आणि वाट मोकळी केली. एकदा करून भागेलच असं नाही, पुन्हा करावं लागू शकतं, हे त्यांनी आधीच सांगितलं. पप्पांच्या औषधांची यादीही तपासली. ब्लडप्रेशरची त्यांची गोळी ते कडं सैल करणाऱ्या जातीतली निघाली, ती बदलली. गुडघ्यासाठी घेत असलेली पेनकिलर थांबवली. तंबाखूबद्दल विचारलं, तेव्हा पप्पा ‘सोडली’ म्हणाले आणि आई खिडकीबाहेर बघायला लागली.

मी डॉक्टरांना ऑपरेशनचं विचारलं. जठराचा वरचा भाग नळीभोवती गुंडाळून नवं कडं करतात, 1956 मध्ये रुडॉल्फ निसेन या सर्जननं ते प्रथम मांडलं, आता दुर्बिणीतून होतं. पण गोळ्यांनी भागतंय तोवर पप्पांना त्याची गरज नाही, असं उत्तर मिळालं.

राहिलं घरचं काम. तिखट बंद, आंबट बंद, चहा बंद अशी जी लांबलचक यादी नातेवाईक देतात, तिला पुरावा तसा कमीच. ज्याला जे बाधतं ते त्यानं टाळावं, इतकंच. भक्कम पुरावा आहे तो तीन गोष्टींना. पोट सुटलं असेल तर वजन उतरवणं, रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी आटोपणं आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उचलणं. उशांवर उशा रचून नाही हं, त्यानं पोट मुडपतं आणि उलट दाब वाढतो. पलंगाचे पायच सहा-आठ इंच वर घ्यायचे. आणि झोपायचं डाव्या कुशीवर, कारण तसं झोपलं की ॲसिडचं तळं नळीच्या तोंडाच्या खाली राहतं.

मी पुण्यात परत आल्यावर जेवण साडेआठवर आणलं. आठवड्यातून चारदा जमतं. क्लायंटचे रात्री दहाचे फोन तसेच आहेत, फक्त आता ते घेताना मी उभी असते. मिंटची पट्टी पर्समध्ये अजून आहे. खोटं कशाला बोलू?

परभणीला पप्पांनी गल्लीतल्या चालू बांधकामावरून चार विटा मागून आणल्या आणि आजोबांच्या सागवानी पलंगाखाली दोन-दोन लावल्या. परवा आईचा फोन आला. म्हणाली, दीड भाकरी खाल्ली, कुस्करली नाही, पाणीही एकदाच घेतलं. मग पप्पांनी फोन हिसकावला.

‘ते सगळं बरं आहे. पण ह्या विटांमुळं रात्रभर खाली घसरायलोय. सकाळी उठलं की पाय पलंगाच्या बाहेर. एक-एक वीट काढू का?’

‘नाही.’

‘मग ठेचा?’

‘डॉक्टरांना विचारून सांगते.’

‘थोडाच. करडईचं तेल घालून,’ पप्पा म्हणाले, आणि मागून आईचा आवाज आला की त्यांनी तो कालच खाल्लाय.